जावयानं कबूल केलेलं देणं

बसा, मंडळी, बसा! मागच्या मायबहिणींनो, जरा पुढं सरका. खांबाला टेकून डुलकी काढायची सोय आज नाही! अण्णा, मृदंग घटकाभर बाजूला ठेवा. आज गाणं कमी आणि बोलणं जास्त. तीन आठवडे झाले, एक प्रश्न माझ्या टाचेत कुसळासारखा रुतलाय. चालताना टोचतो, बसलो तरी टोचतो! माझी झोप गेली, म्हणजे तुमची मी राहू देईन होय?

प्रश्न ऐका. माणूस मेला. घर कोणाला? — मुलाला! शाबास. भांडीकुंडी कोणाला? — मुलाला! बायकोच्या कानातलं? — सुनेला! अगं बाई, केवढ्यानं ओरडलीस, सासू शेजारीच बसलीय ना तुझी? बरं. आणि देणं? मेलेल्या माणसाचं देणं कोणाला?

बघा! कसे गप्प झाले सगळे! आत्तापर्यंत केवढा आवाज होता!

ते वकीलसाहेब बसलेत बघा, चष्मा पुसतायत. त्यांना विचारा. ते म्हणतील, बुवा, सोपं आहे. बापाकडून जेवढं आलं, तेवढ्यापुरतंच देणं. काही आलं नाही, तर देणंही नाही. बरोबर ना साहेब? — मान हलवली! कायद्यानं खरंच आहे ते. पण हे झालं कागदावरचं देणं. जे कुठं लिहिलेलंच नाही, ज्याला सही नाही, शिक्का नाही — पण घेतलंय तर आहे! — त्याचं काय? ते सरणावर जळतं का? का माणूस जातो आणि ते मागं राहतं, दाराशी उभं, कोण ओ देतोय याची वाट बघत?

आता ऐका. ही पुराणातली गोष्ट नाही. पलीकडच्या नांदखेडची आहे, गेल्या महिन्यातली. मी तिथं होतो.

नांदखेडचा माधू आचारी तुम्हाला ठाऊक आहे. नाही कसा? पंचवीस-तीस कोसांत लग्न ठरलं की आधी माधूला सुपारी, मग भटजीला! काय हात होता! मसालेभाताचं झाकण उचललं की नवरदेव बोहल्यावरनं मान वळवायचा. हजार पान उठवायचा गडी, आणि शेवटची पंगत उठेपर्यंत स्वतः पाण्याचा घोट घ्यायचा नाही. लोक म्हणायचे, काय निष्ठा आहे! मीही म्हणायचो. तुम्हीही म्हणालात.

तो माधू गेला. म्हातारा होऊन, अंथरुणात, सुखानं गेला. दहाव्याला नदीकाठी मलाच बोलावलं होतं प्रवचनाला. प्रवचन झालं, पिंड मांडले, भात, वडे, दही. आणि मंडळी — कावळा येईना!

अहो, ज्यानं आयुष्यभर जगाला जेवू घातलं, त्याच्याच पिंडाला कावळा शिवेना! झाडावर पाच-सहा बसलेत. मान वाकडी करून बघतायत. पण खाली एक उतरेल तर शपथ! कोणी म्हणालं, माधूला जिलबी आवडायची. आणली जिलबी. नाही! तंबाखू ठेवा. ठेवली. नाही! चहा ठेवा, साखर जास्त घालून. नाही! एक आगाऊ माणूस माझ्याकडं बघून म्हणाला, "बुवांचं प्रवचन लांबलं, कावळे कंटाळले असतील." — हसा, हसा! तेव्हाही हसले सगळे. तासाभरानं कोणी हसत नव्हतं.

माधूचा मुलगा प्रल्हाद पुढं झाला. हात जोडले. "बापू, देवळाला कळस बसवतो!" — कावळा ढिम्म. "बापू, धंदा तुमच्याच नावानं चालवतो!" — ढिम्म. "बापू, आईला काही कमी पडू देणार नाही!" त्याची आई, गोदामामी, तिथंच बसली होती. तिनंच नाक मुरडलं, मग कावळा कसा ऐकणार?

एक वाजला. ऊन असं की वाळूवर पाय ठरेना. भटजींना दुसरीकडं जायचं होतं. ते म्हणाले, दर्भाचा कावळा करू, तो शिववू, मोकळे होऊ. पण गोदामामी उठून उभी राहिली. "दर्भाचा नको. त्यांच्या मनात काहीतरी राहिलंय. मला ठाऊक आहे."

आता या सगळ्यात एक माणूस सारखा घड्याळ बघत होता. माधूचा जावई, दिगंबर. एस. टी. त कंडक्टर. सव्वादोनच्या गाडीवर ड्युटी! एका पायावरून दुसऱ्या पायावर, दुसऱ्यावरून पहिल्यावर. माणूस एक नंबर सरळ. सुटे नसले तर तिकिटाच्या मागं बाकी लिहून देईल, आणि तुम्ही विसरून उतरलात तर खिडकीतनं हाका मारून पैसे देईल! पण सासऱ्याच्या दहाव्याला उशीर झाला म्हणून गाडी थांबत नाही हो. शेवटी राहवलं नाही त्याला. तरातरा पुढं गेला आणि मोठ्यानं ओरडला —

"मामा! तुमचं जे काही देणं राहिलं असेल, ते माझ्याकडं लागलं! मी फेडतो! आता शिवा!"

आणि काय सांगू! वरचा एक कावळा सुटला तो थेट पिंडावर! घास घेतला आणि उडाला!

योगायोग असेल. उन्हानं भूक लागली असेल त्याला. मी नाही म्हणत नाही. पण तुम्ही तिथं असतात ना, तर तुमच्याही अंगावर काटा आला असता. सगळे दिगंबरकडं बघायला लागले. दिगंबर घड्याळाकडं बघत होता. चपला हातात घेतल्या आणि पळाला स्टँडवर!

गाडी मिळाली त्याला. पण चैन गेलं.

पहिल्याच थांब्यावर एका बाईनं विचारलं, "मास्तर, माझं काही देणं आहे का?" तिला तिकिटाचं विचारायचं होतं. पण हा दचकला! देणं! आपण काय कबूल करून आलो? कोणाचं? केवढं? माणूस बोलून जातो हो. लग्नात बोलतो, दारू पिऊन बोलतो, निवडणुकीत तर बोलतोच बोलतो! पण हे पिंडासमोर बोललेलं. आणि ऐकणाऱ्यानं मान्य केलेलं!

संध्याकाळी घरी आला तर बायको दारात. शालन. "अहो, कसलं देणं कबूल केलंत?"

"मला काय ठाऊक? तुझा बाप, तुला ठाऊक असणार!"

"माझ्या बापाचं कोणाकडं काही देणं नव्हतं," ती म्हणाली. आणि बाई खोटं बोलत नव्हती. दिगंबर दुसऱ्या दिवशी रजा टाकून फिरला. किराणावाल्याकडं गेला. तो म्हणाला, चुकतं झालंय. लाकडाच्या वखारीत गेला. चुकतं! दूधवाला म्हणाला, उलट मीच त्यांचं देणं लागतो. जिथं जावं तिथं माधू देवमाणूस! आणि जसजसा एकेक माणूस नाही म्हणे, तसतसा दिगंबर जास्तच अस्वस्थ. कारण देणं नव्हतं तर कावळा शिवला कशाला?

मेहुण्याकडं गेला. प्रल्हाद म्हणाला, "दाजी, घर माझं, कढया माझ्या, धंदा माझा. पण ते देणं मात्र तुमचं बरं का! चारचौघांत बोललात." बघा! वाटणी कशी झाली! वकिलाला विचारलं — हे साहेब नव्हे, तालुक्याचे दुसरे. ते म्हणाले, "काय देणं तेच ठाऊक नाही, मागणाराही कोणी नाही. तुम्ही मोकळे आहात."

"साहेब, मोकळा आहे तर मग घास का उतरत नाही?"

वकिलांनी फाईल मिटली. फी मात्र घेतली नाही त्यांनी, एवढं सांगायला पाहिजे.

शेवटी सासूकडं गेला. "मामी, घाटावर तुम्ही म्हणालात, मनात काहीतरी राहिलंय. काय राहिलंय?"

गोदामामी तांदूळ निवडत होती. म्हणाली, "काय ते मला नाही सांगितलं कधी त्यांनी. पण जावईबापू, सव्वीस वर्षांत करंजवाडीची सुपारी त्यांनी एकदाही घेतली नाही. पैसे दुप्पट देत होते, तरी नाही. आणि लोक म्हणतात ना, शेवटची पंगत उठेपर्यंत जेवायचे नाहीत? ती निष्ठा नव्हे. त्यांना गिळवायचंच नाही. तुळशीरामला विचारा. तो असायचा बरोबर."

तुळशीराम म्हणजे माधूचा जुना हाताखालचा माणूस. बुंदी पाडणारा. दिगंबरनं त्याच्यासमोर करंजवाडीचं नाव काढलं मात्र, म्हातारा रडायलाच लागला.

मंडळी, आता नीट ऐका. "गेनबाची पंगत" हा शब्द तुम्हाला ठाऊक आहे. कुठं जेवण कमी पडलं की आपण म्हणतो, काय हो, गेनबाची पंगत केली की काय! ही म्हण आकाशातनं पडली नाही. गेनबा हा माणूस आहे. करंजवाडीचा गवंडी. अजून जिवंत आहे.

गेनबाला एकुलती एक लेक, इंदू. दुसऱ्यांचे बंगले बांधून बांधून त्यानं पै पै साठवली, आणि ठरवलं की लेकीच्या लग्नात बुंदी साजूक तुपातलीच! माधूनं यादी दिली — तुपाचे डबे तीन. गेनबानं तीन आणले. डोक्यावरनं आणले, एकेक करून. आणि लग्नाच्या पहाटे एक डबा गेला.

तुळशीराम म्हणाला, "मीच नेला. सायकलच्या कॅरिअरवर ठेवला, वर सरपणाची मोळी बांधली, आणि माधूच्या घरी पोचवला. माझी चूल त्याच्या चुलीवर पेटायची. मी काय बोलणार?"

आणि मग? पहिली पंगत झाली, दुसरी झाली. तिसऱ्या पंगतीला नवऱ्याकडची वडीलधारी माणसं बसली आणि बुंदी संपली! पानावरनं उठले हो सगळे! नवऱ्याचा चुलता ओरडला, "गवंड्यानं माल मोजून आणला!" गेनबा हातापाया पडतोय — "मी तीन डबे आणले! देवाशपथ तीन आणले!" तेव्हा चुलता म्हणाला, बोलवा आचाऱ्याला. आचारी काय म्हणतो ते खरं.

माधू आला. हात पुसत पुसत. शंभर माणसांनी विचारलं, "डबे किती आले?"

माधू म्हणाला, "दोन."

एवढंच! एक शब्द! डबा नेला ती चोरी झाली, एक वेळ पोटासाठी म्हणू. पण हा शब्द? त्या शब्दानं इंदू आयुष्यभर सासरी "उपाशी पंगतीची" झाली. तिच्या सासरी कार्य निघालं की तिच्या हातात वाढायचं भांडं म्हणून कधी दिलं नाही. आणि गेनबा? वर्षभर भांडला सगळ्यांशी. मग थकला. मग — हे माझ्या जिवाला फार लागलं — त्याला स्वतःलाच वाटायला लागलं, दोनच आणले असतील का मी? विटा मोजणारा माणूस हो! आणि सव्वीस वर्षं तो तीन डबे मोजतोय! त्या दिवसापासून कोणाच्या पंगतीला बसला नाही.

दिगंबरनं हे ऐकलं आणि त्याला बरं वाटलं! का? देणं सापडलं ना! म्हणाला, तुपाचा डबा तर? दोन देतो! असा अन्याय झाला म्हणून हळहळलाही. पण अजून हळहळ परक्याची होती. उठता उठता त्यानं सहज विचारलं, "काका, पण मामांना एवढं तूप लागलं कशाला?"

तुळशीराम त्याच्या तोंडाकडं बघत राहिला. "पाव्हणं, तुमचं लग्न त्याच्या तिसऱ्या दिवशी होतं की. तुमच्या वडलांनी निरोप धाडला होता. जिलबी साजूक तुपातली नसेल, तर वरात वेशीवरनंच माघारी नेऊ म्हणून."

खाई त्याला खवखवे! आता कळलं का खवखवत होतं ते?

लग्नात दिगंबरनं त्या जिलब्या खाल्ल्या होत्या. मित्रांशी पैज लावून एकोणीस खाल्ल्या होत्या! शालननं उखाणा घेऊन पहिला घास भरवला होता. त्याच तुपाचा! आणि मागणी कोणाची? याच्याच बापाची. तोही मेलेला. सासऱ्याचं देणं म्हणून जे उचललं, ते निघालं स्वतःच्याच पोटातलं!

घरी आला. शालनला सांगितलं. ती भाकरी थापत होती. थापलेली भाकरी तशीच परातीत राहिली.

"आणि तुम्ही हे लोकांना सांगणार?"

"सांगायला नको?"

"माझा बाप मरून बारा दिवस झाले नाहीत! त्याच्या तोंडाला काळं फासणार तुम्ही? तूप द्या, साखर द्या, माझ्या पाटल्या विका. पण नाव नका घालवू त्याचं!"

"शालन, गेनबाचं नाव गेलंच आहे."

त्यावर तिनं परात बाजूला सारली. मंडळी, त्या बाईला दोष देऊ नका. तुमच्या बापाबद्दल असं ऐकलं असतंत तर तुम्ही काय केलं असतंत? मी सांगतो. चुलीत लाकूड सारलं असतं आणि म्हणाला असतात, मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये. फार सोयीचं वाक्य आहे ते. आपण जिवंत माणसाबद्दल मात्र रोज बोलतो!

तेराव्याच्या सकाळी दिगंबर डबा घेऊन करंजवाडीला निघाला, तर शालन लुगडं बदलून दारात उभी. म्हणाली, "घास मीच भरवला होता. मीही येते."

गेनबा अंगणात बसला होता. ऐंशीच्या पुढचा. हाताची बोटं चुन्यानं खाल्लेली. दिगंबरनं डबा पुढं ठेवला आणि सगळं सांगितलं. म्हातारा ऐकत होता. मग फक्त एक विचारलं. "म्हंजी तीन होते?"

"तीन होते, बाबा."

गेनबानं डोळे मिटून घेतले. मग पायानं डबा मागं सारला. "ह्यो ने. तुपासाठी रडत होतो व्हय मी? माझं चारचौघांत गेलंय. ते चारचौघांत आणून दे."

संपलं! पैशानं मिटलं असतं तर किती बरं झालं असतं! पण नाही!

त्याच दुपारी नांदखेडला तेराव्याची पंगत. मांडव भरलेला. मीही पानावर बसलो होतो. जीपमधनं दिगंबर, शालन आणि गेनबा उतरले. प्रल्हादला सुगावा लागला होता. तो मांडवाच्या तोंडाशी हात आडवे करून उभा. "दाजी, एक पाऊल पुढं टाकू नका. माझ्या टेम्पोवर बापूंचं नाव आहे. उद्या कोण सुपारी देईल मला? माझ्या लेकरांच्या तोंडातला घास काढताय तुम्ही!"

खोटं होतं का त्याचं? नव्हतं! त्याचंही घरदार होतं. दिगंबर थांबला. खरंच थांबला.

तेवढ्यात आतनं गोदामामी आली. "प्रल्हाद, बाजूला हो."

"आई, तुला ठाऊक नाही हा काय सांगणार —"

"मला ठाऊक नाही. पण सव्वीस वर्षं त्यांचा घास अडकलेला मी बघितलाय. बोलू दे त्याला."

आणि दिगंबर मांडवाच्या मधोमध उभा राहिला आणि बोलला. सगळं. डबा, सायकल, मोळी. "दोन" हा शब्द. आपल्या बापाचा निरोप. आणि म्हणाला, "ते तूप मी खाल्लं. एकोणीस जिलब्या खाल्ल्या. या माणसानं तीन डबे आणले होते. तीन! सगळ्यांनी ऐका आणि जिथं जाल तिथं सांगा!"

पानावरचे हात पानावरच राहिले. माशा हाकलायचंही कोणाला सुचेना. प्रल्हाद खांबाला धरून उभा होता. मला वाटलं आता भांडण होणार. आणि त्यानं काय केलं? गेला, बुंदीचं पातेलं उचललं, कोपऱ्यातलं एक रिकामं पान झटकून मांडलं, आणि म्हणाला, "बसा, बाबा."

गेनबा बसला. सव्वीस वर्षांनी पंगतीला बसला! प्रल्हाद वाढायला लागला. ओंजळभर बुंदी पानावर पडली, अजून पडली. तर म्हाताऱ्यानं पानावर हात आडवा धरला. म्हणाला —

"थोडी वाढ, लेका. शेवटच्या पानापर्यंत पुरायला पाहिजे."

मंडळी, त्या मांडवात मोठमोठी माणसं रडली. मी रडलो नाही. मला रडायचा हक्कच नव्हता. का, ते सांगतो, आणि मग तुम्ही उठा.

करंजवाडीच्या त्या तिसऱ्या पंगतीत मी होतो. तरुण होतो, नुकता कीर्तनाला उभा राहायला लागलो होतो. बुंदी मिळाली नाही म्हणून चिडलो होतो. आणि पुढच्या आठवड्यात एका सप्ताहात कंजूष माणसाचं सोंग करताना मी "गेनबाची पंगत" म्हणालो. लोक पोट धरून हसले. मग काय! गावोगाव म्हणालो. बावीस-पंचवीस वर्षं म्हणालो! ती म्हण माझी आहे. माधूनं एकदा "दोन" म्हटलं. मी हजार वेळा म्हटलं!

पुढच्या दसऱ्याला मला साठ होतील. उद्या मी गेलो, तर हे देणं कोणाकडं? माझ्या मुलाकडं? तो पुण्याला नोकरी करतो, त्याला गेनबा ठाऊकही नाही. मग कोणाकडं? इकडं तिकडं बघू नका! याच देवळात, याच खांबांमध्ये मी ती म्हण सांगितलीय. हसलं कोण?

मी पंगतीतनं उठून गेनबाचे पाय धरायला गेलो. त्यानं धरू दिले नाहीत. म्हणाला, "बुवा, जिथं जिथं सांगितलंत, तिथं तिथं जाऊन सांगा." हे माझं एकोणिसावं गाव. अजून बरीच राहिलीत, आणि गुडघे साथ देत नाहीत.

तेव्हा उद्या बाजारात कोणी तुमच्यासमोर ती म्हण काढली, तर बोला. तिथल्या तिथं बोला. म्हणा, गेनबानं तीन डबे आणले होते. माझ्या मरणाची वाट बघू नका.

आता उठा. वाजवा, अण्णा.